अॅव्हलिंग रोलरवर गुऱ्हाळ: कामाच्या नोंदी, एप्रिल २०२३ ते फेब्रुवारी २०२४

आधी यंत्राची ओळख. अॅव्हलिंग अँड पोर्टर कंपनीचा, इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या रॉचेस्टरला बनलेला दहा टनी वाफेचा रोलर. एक सिलिंडर, रेल्वे इंजिनाच्या धर्तीचा आडवा बॉयलर, मागे दोन मोठी चाकं, पुढे रूळ. त्याच्याकडून रस्ते दाबून घ्यायचे नाहीत. फ्लायव्हीलवर पट्टा चढवून गुऱ्हाळाचा घाणा फिरवायचा, एवढाच बेत. वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांचं शेतीतलं मोठं काम हेच असायचं: मळणीयंत्राला पट्टा लावून दिवसभर एका जागी उभं राहायचं आणि खळं उरकलं की तेच यंत्र ओढत पुढच्या शेतावर जायचं. रोलर त्याच घराण्यातला. मात्र सख्खा नाही, चुलत. त्याचा त्रास पुढे डिसेंबरच्या नोंदीत येईल.

आपल्याकडे अजून बऱ्याच तालुक्यांच्या यार्डात असे रोलर गवतात उभे आहेत. कुणी घ्यायच्या विचारात असेल त्याच्या उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

१८ एप्रिल २०२३

लिलाव झाला. भंगाराचा दर धरून किलोला ३६ रुपये. काट्यावर वजन १०,३९० किलो भरलं. राउंड करून ३,७४,००० रुपये, वर जीएसटी ६७,३२०. बोलीत दुसरा एकच भंगारवाला होता आणि त्याला कटिंगचा खर्च परवडत नव्हता.

पितळ नावाला शिल्लक नाही. शिट्टी, तेलाच्या वाट्या, प्रेशर गेज, पाण्याच्या काचेचे कॉक, सगळं गेलेलं. पुढच्या बाजूला दोन पायांवर उभा असलेला केंटचा घोडा असतो, ती या कंपनीची खूण. त्याच्या जागी नुसती भोकं. लोखंड मात्र पूर्ण आहे.

बोली लावण्याआधी एकच गोष्ट पाहा. भट्टीच्या बाजूच्या पत्र्यावर तारेचा ब्रश मारा आणि बॉयलरचा ठोकलेला नोंदणी क्रमांक दिसतो का ते बघा. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली बॉयलरची ओळख म्हणजे तो क्रमांक होता. तो असेल तर जुनी नोंद शोधता येते. नसेल तर तुम्ही बॉयलर घेत नाही, बॉयलरच्या आकाराचं लोखंड घेताय. आमचा क्रमांक सापडला, शेवटचा आकडा भिंगातून.

२६ एप्रिल

लो-बेड ट्रेलरवर चढवला. भाडं आणि क्रेन मिळून २६,०००.

मागची चाकं मोकळी फिरण्यासाठी हबमधल्या ड्रायव्हिंग पिना काढाव्या लागतात; त्या पिना चाकाला आणि गिअरच्या शाफ्टला जोडतात. डावी पीन निघाली. उजवी गंजून एकजीव झाली होती. गॅसने तापवून, तेल सोडून, घणाचे घाव घालून संध्याकाळी कुठे हलली. ट्रेलरवाला त्या वेळेचे पैसे वेगळे घेतो. म्हणून ट्रेलर बोलावण्याच्या आठवडाभर आधी जाऊन पिना सोडवून ठेवा, परत बसवा, मग गाडी मागवा. चिमणीही आधीच उतरवा, रस्त्यावरच्या तारांसाठी.

४ मे

बघ्यांपैकी निम्मे लोक याला ‘टाटाचा रोलर’ म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. १९४८ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्याने वाफेचे रोलर काढले होते. पण आमचा अॅव्हलिंग. आणि टाटा-मार्शलचे म्हणून मिळालेले गिअरचे झाकण आणि कॉक इथे बसत नाहीत. आटे तेच, फ्लँजचं अंतर वेगळं. सुटे भाग घेताना बरोबर पुठ्ठ्याचा साचा ठेवा.

गंमत म्हणजे रोलर या यंत्राच्या जन्मात कलकत्त्याचा हात आहे. कलकत्त्याचे इंजिनिअर विल्यम क्लार्क आणि बर्मिंगहॅमचे बॅथो यांनी १८६० च्या दशकात वाफेच्या रोलरचा आराखडा केला होता. त्याच सुमारास, १८६५ मध्ये, टॉमस अॅव्हलिंग यांनी आपल्या ट्रॅक्शन इंजिनाला रूळ लावून पाहिले. अॅव्हलिंग मुळात शेतकरी आणि यंत्रदुरुस्तीवाले. त्या काळी वाफेचं इंजिन शेतावर न्यायचं तर सहा-सहा घोडे जुंपून ओढत न्यावं लागे. सहा शिडाच्या होड्यांनी आगबोट ओढावी तसला हा प्रकार, असं ते म्हणत. १८५९ मध्ये त्यांनी क्लेटन अँड शटलवर्थचं एक ओढायचं इंजिन घेतलं आणि क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत साखळी टाकून त्याला स्वतःच्या पायांवर चालायला लावलं. आमच्या यार्डातलं धूड त्या साखळीचं वंशज. साखळी जाऊन गिअर आले, एवढाच मोठा फरक.

२१ मे

बॉयलरमधल्या, भट्टीचा धूर नेणाऱ्या नळ्या काढल्या. ३४ नळ्या, बाहेरचा व्यास ५१ मिमी. धूरपेटीच्या बाजूने कापून, टोकं आत दुमडून ओढल्या. खालच्या ओळीतल्या काहींना बोटाने दाबलं तर बोट आत गेलं.

नळ्यांवर क्षाराची खपली होती, काही ठिकाणी करंगळीएवढी जाड. ती हातोडीने फोडून पाहिली तर आत पापुद्रे दिसले: पांढरा, तांबूस, मधेच काळा. ज्या ज्या गावचं पाणी घातलं त्याचा एकेक थर. बॉयलरच्या तळातून दोन घमेली चिखल निघाला.

नवीन नळ्या सीमलेस, आयबीआरच्या (भारतीय बॉयलर नियमांच्या) प्रमाणपत्रासह, नगाला ९५० रुपये, एकूण ३२,३००. प्रमाणपत्राशिवाय बऱ्याच स्वस्त मिळतात. त्या घेऊ नका, सरकारी बॉयलर निरीक्षक पहिला कागद तोच मागतात.

९ जून

पत्र्यांची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घेतली. ९,००० रुपये. या संपूर्ण कामात याहून सत्कारणी पैसा गेला नाही.

भट्टीचं छत, म्हणजे क्राउन शीट: ११.२ ते ११.८ मिमी. उत्तम. पाणी कमी पडलं तर पहिल्यांदा उघडा पडतो तो हा पत्रा. खाली आग, वर पाणी नाही, मग पत्रा लाल होऊन खाली बसतो आणि सगळी वाफ एका क्षणात सुटते. २९ जुलै २००१ ला अमेरिकेत ओहायोमधल्या मेदायना काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर केस कंपनीचं ११० अश्वशक्तीचं जुनं इंजिन असंच फुटलं. पाच माणसं गेली. पाणी कमी होतं आणि पत्रा झिजलेला होता. ‘एवढं जाड लोखंड, त्याला काय होतंय’ असं यार्डात रोज कुणीतरी म्हणतं, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

भट्टीच्या बाहेरच्या आवरणाचे खालचे दोन कोपरे: ६.१ आणि ६.४ मिमी. वाईट. तिथे चिखल साचतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग मारलेला, काही कळत नाही.

हातोडीने स्टे वाजवले. भट्टीचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना धरून ठेवणारे हे आडवे खिळे. चांगला स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. अकरा बद्द निघाले.

क्रँकच्या बेअरिंगखाली मात्र बॉयलरला एकही भोक नाही. आधीच्या इंजिनांत बेअरिंगचे ब्रॅकेट थेट बॉयलरवर बोल्टने कसलेले असत. प्रत्येक धक्क्याला बोल्ट हलायचे आणि बॉयलर गळायचा. १८७० मध्ये अॅव्हलिंग यांनी भट्टीच्या बाजूचे पत्रेच वर वाढवले आणि बेअरिंगं त्यांत बसवली. पुढे बहुतेक सगळ्यांनी ती युक्ती उचलली. त्याची किंमत ड्रॉइंग बघून कळत नाही. शंभर वर्षांच्या यंत्राखाली टॉर्च घेऊन झोपलं की कळते.

२ जुलै

पाऊस. शेडमध्ये जागा करायला रोलर दहा फूट मागे घ्यायचा होता. जेसीबीने ढकलला, आणि यार्डाच्या कडेच्या काळ्या मातीत उजवं मागचं चाक हबपर्यंत गेलं. स्लीपर (रेल्वेच्या रुळाखालचे लाकडी ओंडके), जॅक, खडी, पुन्हा स्लीपर. ते बाहेर काढण्यात आठवडा गेला.

काळ्या रानात वाफेचं यंत्र का फिरू शकत नाही, हे असं समजलं. इंग्लंडमध्येही भिजलेल्या चिकणमातीत तेच दुखणं होतं. त्यावर जॉन फाउलर यांनी काढलेला उपाय मला सगळ्या वाफेच्या शेतीत हुशार वाटतो: इंजिन रानात न्यायचंच नाही. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत शेताच्या दोन बांधांवर दोन इंजिनं उभी करत, बॉयलरच्या पोटाखाली आडवा ड्रम, त्यावर तारेचा दोर. नांगर तेवढा इकडून तिकडे ओढायचा. नांगरही दुतोंडी, एका बाजूचे फाळ जमिनीत असताना दुसऱ्या बाजूचे हवेत, त्यामुळे बांधाला पोचल्यावर वळवायची भानगड नाही. वाफेच्या नांगरासाठी रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने ठेवलेलं ५०० पौंडांचं बक्षीस १८५८ मध्ये चेस्टरला फाउलर यांना मिळालं. पुढे त्यांच्या लीड्सच्या कारखान्यातून असे संच जगभर गेले. अमेरिकेच्या माळरानांवर मात्र जमीन कोरडी आणि शेतं अफाट, तिथे केससारख्यांची इंजिनं नांगर मागे बांधून सरळ रानात चालत.

२० जुलै ते ६ ऑगस्ट

पाऊस. वीज नाही. काम बंद.

२४ ऑगस्ट

कोपऱ्यांचे खराब तुकडे कापून नवीन पत्रा वेल्ड केला. वेल्डर आयबीआरचा परवानाधारकच लागतो. साखर कारखान्याच्या देखभालीच्या कामातून त्याला मोकळा मिळवायला महिना गेला. हंगाम सुरू होण्याआधी सगळे कारखाने त्यालाच ओढतात. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी त्याची तारीख एप्रिलमध्येच घेऊन ठेवावी. वेल्डचा एक्स-रे काढला. एका ठिकाणी पोकळी दिसली, खरवडून पुन्हा भरली.

स्टे बदलण्याची रीत थोडी विस्ताराने लिहितो, कारण आमच्या मिस्त्रींनाही ती ऐकूनच माहीत होती. जुना स्टे ड्रिलने पोखरून काढायचा. मग दोन्ही पत्र्यांना आटे पाडायचे, पण एकाच लांब टॅपने, एका दमात. टॅप बाहेरच्या पत्र्यातून आत शिरतो, मधली पाण्याची जागा ओलांडतो आणि आतल्या पत्र्याला जिथे लागतो तिथे आटे तुटता कामा नयेत. दोन्हीकडचे आटे एकाच मळसूत्राचे हवेत. नाहीतर स्टे आत फिरवताना दुसऱ्या पत्र्याला ढकलतो आणि ताण घेऊन बसतो. असा टॅप बाजारात नाही. इंचाला ११ आट्यांचा, पाऊण हात लांब टॅप उद्यमनगरात बनवून घेतला. पहिला टॅप सातव्या भोकात मोडला. तुकडा काढायला स्पार्क इरोजनवाल्याचं छोटं मशीन जागेवर आणावं लागलं. दुसऱ्या टॅपला निमुळतं टोक जास्त लांब ठेवलं आणि कटिंग ऑइलऐवजी चरबी लावली, तो शेवटपर्यंत टिकला.

स्टे बसल्यावर दोन्ही टोकं बाहेर दोन आटे ठेवून घणाने ठोकून बसवली. आत भट्टीत एक माणूस उकिडवा बसून हातोडा धरतो. बारीक चणीचा माणूस शोधा.

वेल्डिंग, स्टे, एक्स-रे मिळून १,१८,०००.

१७ सप्टेंबर

नळ्या बसवल्या. एक्सपांडर फिरवून टोक फुगवायचं. हात जड असेल तर नळी पातळ होते आणि दोन भोकांमधली पत्र्याची पट्टी ताणली जाते, म्हणून पहिल्या फेरीत हलकंच. दर चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलोच्या पाण्याच्या दाबाची घरची चाचणी: बारा टोकं पाझरली. तेवढीच पुन्हा फिरवली, चार राहिली, पुन्हा. शिवाय सिलिंडर जिथे बॉयलरवर बसतो तिथल्या दोन स्टडमधून थेंब. ते स्टड बदलले, खाली नवी गॅस्केट.

२९ सप्टेंबर

निरीक्षक येऊन गेले. ७ किलो दाब मंजूर, म्हणून चाचणी त्याच्या दीडपट, साडेदहा किलोला. अर्धा तास काटा हलला नाही. साहेबांनी स्वतः आत डोकं घालून प्रत्येक स्टेवर टॉर्च मारला आणि जाताना म्हणाले, “कोपरे बदललेत ते बरं केलंत, नाहीतर मी पाणी भरूच दिलं नसतं.”

या बॉयलरच्या जुन्या नोंदी शोधायला मात्र उन्हाळ्यापासून हेलपाटे चालू होते. एका कार्यालयातून दुसऱ्याकडे, तिथून पुन्हा पहिल्याकडे. क्रमांक होता म्हणून शेवटी मिळाल्या.

सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याच्या दोन काचा, प्रेशर गेज, चेक व्हॉल्व्ह आणि फ्यूजिबल प्लग, सगळं प्रमाणपत्रासह नवीन: ७२,०००. प्लग म्हणजे गनमेटलचा बोल्ट, आत मऊ धातूचा मगज. क्राउन शीटमध्ये बसतो. पाणी खाली गेलं की मगज वितळतो आणि वाफ आगीवर येते. दरवर्षी नवा घालायचा.

१५ ऑक्टोबर

इंजिनाचा भाग. बॉयलरच्या मानाने हे खेळणं आहे. पिस्टनच्या रिंगा नव्या, गनमेटलची बेअरिंगं पुन्हा ओतून बोअर केली, स्लाइड व्हॉल्व्हची (सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून वाफ देणाऱ्या सरकत्या झडपेची) पाटी निळी लावून स्क्रेप केली. ग्लँडला, म्हणजे पिस्टनच्या दांड्याभोवती वाफ अडवणाऱ्या जागेला, ग्राफाइटची दोरी. जुन्या मिस्त्रींकडे अॅस्बेस्टॉसची असते, ती नको. फाउंड्री, लेथ आणि पॅटर्न मिळून ६४,०००.

पितळी घोडा करून देतो म्हणून एक जण मागे लागलाय. मी नाही म्हणालो. नकली घोडा लावण्यापेक्षा भोकं बरी.

१२ नोव्हेंबर

पहिली वाफ. कायद्याने परवानाधारक अटेंडंट लागतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका तयार झाले. त्यांनी पहाटे सहाला बाभळीची लाकडं पेटवली आणि आम्हाला चहा प्यायला पाठवलं. “थंड बॉयलरला घाई केली की नळ्या बोलतात,” एवढंच म्हणाले. एक किलो दाब यायला दोन तास, सात किलोला साडेतीन.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडायची झडप, उघडला, काही नाही. पिस्टन टोकाला येऊन थांबलेला. एका सिलिंडरचं हे नेहमीचं. फ्लायव्हील हाताने थोडं सरकवलं आणि चाललं.

चाललं, पण लंगडत. एका फेऱ्यात चिमणीतून दोन हुंकार यायला हवेत, सारखे. आमचा एक मोठा, एक जेमतेम. स्लाइड व्हॉल्व्ह एका बाजूला जास्त उघडत होता. स्पिंडलचे नट सोडून व्हॉल्व्ह दीड मिमी सरकवला, दोन्ही हुंकार सारखे झाले. हे कानानेच होतं.

दुपारी बोअरचं पाणी घातल्यावर बॉयलर फेसाळला. काचेतली पातळी नाचायला लागली आणि चिमणीतून गढूळ पाण्याचा सडा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, सिलिंडरचं झाकण उडतं. काकांनी ड्रेन कॉक उघडले, रेग्युलेटर बंद केला. त्यानंतर फक्त नदीचं पाणी, टँकरने.

१९ नोव्हेंबर

गुऱ्हाळापर्यंत स्वतःच्या वाफेवर. बॉयलर आडवा असल्यामुळे उतारावर नाक खाली गेलं की पाणी पुढे धावतं आणि मागचं क्राउन शीट उघडं पडतं. म्हणून ओढ्याच्या उतारावर आधी पातळी वाढवली आणि रोलर उलटा, मागच्या तोंडाने उतरवला. पुढे मुकादम लाल फडकं घेऊन. इंग्लंडच्या १८६५ च्या कायद्यात हे सक्तीचंच होतं: माणूस साठ यार्ड पुढे, वेग गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन. आम्ही त्याहून जोरात नव्हतो.

वाहतुकीसाठी वाफ वापरायचा हिंदुस्थानातला मोठा प्रयोग १८७० च्या दशकात पंजाबात झाला. लेफ्टनंट क्रॉम्प्टन यांनी स्कॉटिश इंजिनिअर थॉमसन यांच्या पद्धतीची, जाड रबरी धावांची इंजिनं ग्रँड ट्रंक रोडवर चालवली. त्यातलं ‘चिनाब’ नावाचं इंजिन १८७१ मध्ये चाचणीसाठी इप्सविचहून एडिंबरापर्यंत रस्त्याने जाऊन परत आलं होतं. हे क्रॉम्प्टन पुढे विजेत उतरले. आपल्या घरच्या पंख्यावरचं नाव त्यांचंच.

३ डिसेंबर

पट्टा. फ्लायव्हीलचा व्यास १.२२ मीटर, इंजिन मिनिटाला १६० फेरे. घाण्याच्या पुलीला साधारण २५५ हवेत, म्हणून तिथे ७६ सेंमीची पुली बसवली. कॅनव्हास-रबरी सपाट पट्टा, १४,५०० रुपये. पट्टा इंग्रजी आठसारखा पीळ देऊन घातला: पुलीला जास्त विळखा बसतो, फडफडत नाही, आणि आमच्या घाण्याची दिशाही तशीच हवी होती. अंतर लांब ठेवलं, ठिणग्या चिपाडाच्या गंजीपासून दूर राहाव्यात म्हणून.

पट्टा सारखा उतरत होता. पुली घासली, पट्ट्याला राळ लावली, तरी उतरायचा. शेवटी नळीत पाणी भरून लेव्हल पाहिली: रोलर डावीकडे दोन बोटं बसला होता. मागच्या चाकांखाली स्लीपर घालून सरळ केला, पाचर मारली, पट्टा राहिला.

१० डिसेंबर

सगळ्यात मोठा अडथळा. उसाची मोळी घाण्यात गेली की इंजिन दबतं, मोळी संपली की उधळतं. १६० वरून कुठल्या कुठे. पट्टा सटकला आणि गुळव्याच्या डोक्यावरून गेला. काम तिथेच थांबवलं.

कारण साधं आहे: रोलरला गव्हर्नर, म्हणजे भार कमीजास्त झाला तरी वेग सारखा राखणारं साधन, नसतो. रस्त्यावर त्याची गरजच नाही, ड्रायव्हरचा हात रेग्युलेटरवर असतोच. मळणीच्या इंजिनाला गव्हर्नर असायचा. बॉयलर तोच, क्रँक तोच, फ्लायव्हील तेच. पण शेतातलं काम करायला जो भाग लागतो नेमका तोच रोलरवर नाही. माझ्या सगळ्या अंदाजपत्रकात त्याचं नाव नव्हतं.

२८ डिसेंबर

एका बंद पडलेल्या वाफेच्या पंपावरचा तीन गोळ्यांचा पिकरिंग गव्हर्नर १५,००० ला मिळाला. रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या मध्ये बसवायला जोडफ्लँज ओतून घेतली. गव्हर्नरला क्रँकवरून छोटा पट्टा. तो पट्टा तुटला तर गोळे थांबतात आणि इंजिन पूर्ण उघडतं, म्हणून त्या पट्ट्यावर एक लहान चाक टेकवून ठेवलंय. पट्टा गेला की ते खाली पडतं आणि व्हॉल्व्ह बंद होतो. जुन्या इंजिनांवर अशी सोय असे. हे केल्याशिवाय चालवू नका.

आता मोळी घातली तरी १५० च्या खाली जात नाही.

१४ जानेवारी २०२४

चिपाडावर चालवून पाहिलं. कोळशाच्या जाळीवर चिपाड भुर्रकन जळतं, अर्धं न जळताच नळ्यांतून चिमणीत जातं. दर मिनिटाला दार उघडायचं, थंड हवा आत, दाब खाली. सात किलोवरून पाच. रशिया-हंगेरीत कोळसा मिळत नव्हता तिथे इंग्रजी कंपन्यांनी पेंढा जाळणारी इंजिनं दिली, पण त्यांची भट्टीच वेगळी, पेंढा आत ढकलायला रूळ बसवलेले. आमच्या भट्टीत ते होणं नाही. जाळीवर फायरब्रिक टाकून हवेची वाट अर्धी केली, दार कमी उघडलं, तेव्हा सहा किलोवर टिकलं.

पण खरी अडचण गुळव्याने सांगितली: “सायब, चिपाड तुमच्या इंजिनाला घातलं तर माझ्या काहिलीखाली काय घालू?” चुलवाणाला दिवसाचं चिपाड दिवसाला लागतं, शिल्लक फारशी नाही. तो विषय तिथे मिटला. आता बाभूळ आणि कोळसा.

११ फेब्रुवारी

चार तास सलग. ऊस तासाला साधारण टन. कोळसा १७० किलो, पेटवणीचं लाकूड वेगळं, पाणी ९०० लिटर. कोळशाचेच दोन हजार रुपये. शेजारच्या गुऱ्हाळावर तेवढंच काम विजेच्या मोटारीने तीन-साडेतीनशेत होतं.

ताकदीत मात्र हे इंजिन कुठेही कमी पडलं नाही. ओली मोळी आडवी गेली तरी ओढतं. वाफ शेतातून गेली ती ताकदीमुळे नाही. पहाटे उठून साडेतीन तास पेटवत बसायचं, संध्याकाळी आग काढायची, आठवड्याला बॉयलर धुवायचा, पाण्याचा एक गडी, आगीचा एक गडी. तेलाचं इंजिन आलं आणि हँडल मारलं की चालू. शेतकऱ्याने हिशेब केला, झालं.

आतापर्यंतचा खर्च साडेआठ लाखांच्या आसपास. त्यात माझे आणि मिस्त्रींचे तास धरलेले नाहीत.

उरलेली कामं: इंजेक्टर (वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) गरम झाल्यावर पाणी उचलत नाही, सध्या क्रँकवरच्या पंपावर भागतं, म्हणजे इंजिन उभं असताना पाणी घालायचा दुसरा मार्ग नाही. हे पुढच्या पेटवणीआधी झालंच पाहिजे. राखपेटीचा तळ गेलाय. डाव्या चाकाच्या तीन आऱ्या सैल आहेत.

गव्हर्नरच्या जोडफ्लँजचा लाकडी पॅटर्न आणि स्टेचा लांब टॅप ठेवून दिलाय. तुमचा रोलर अॅव्हलिंगचा असेल तर पॅटर्न उसना देईन. मार्शलचा असेल तर फ्लँजचं अंतर आधी मोजा.